मदत हवी आहे: कमी खर्चातला घरगुती ट्रेलर, एक्सल नेमका कुठे बसवू?

नमस्कार मंडळी. गाडीमागे जोडायचा छोटा ट्रेलर घरीच वेल्डिंग करून बनवतोय. आज माती-विटा, उद्या लाकडं, कधी मोटरसायकल, सगळंच नेता यावं म्हणून बाजूच्या फळ्या काढता-घालता येतील अशा ठेवणार आहे. चौकट ५० बाय ५० मिमीच्या चौकोनी पाइपची, जाडी ३ मिमी, लांबी २.४ मीटर, रुंदी १.२ मीटर. जुन्या गाडीचा मागचा सरळ एक्सल (दोन चाकांमधला आडवा दांडा) पाट्यांसकट, म्हणजे लीफ स्प्रिंगसकट, भंगारात मिळाला. चाकं हाताने फिरवून पाहिली, बेअरिंगची घरघर नाही, तरी सील आणि ग्रीस नवीनच घालणार. पैसे वाचवायचे ते पत्र्यात आणि रंगात. हब (चाक बसतं तो मधला भाग), कपलिंग (गाडीला जोडायचा भाग) आणि सुरक्षेच्या साखळ्यांत अजिबात नाही.

अडलंय ते एक्सलच्या जागेवर. एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार गाडीच्या हुकवर हवा, तो कमी पडला तर वेगात ट्रेलर डोलायला लागतो, म्हणून एक्सल मध्याच्या थोडा मागे घ्यायचा, इथपर्यंत ठीक. पण माती सगळीकडे पसरते आणि मोटरसायकलचं वजन ठरावीक जागीच येतं. मग पाट्यांचे ब्रॅकेट कायमचे वेल्ड करू, की बोल्टने बसवून मागेपुढे सरकवायची सोय ठेवू? मुख्य पाइपला भोकं पाडली तर तो तिथेच चिरेल अशी धास्ती वाटते.

शिवाय पुढची दांडी ए आकाराची केली, तर तिचे पाय चौकटीखाली कुठवर न्यावेत? ज्यांनी असा ट्रेलर स्वतः बनवून भरलेला ओढलाय, त्यांनी कृपया सांगा. ब्रॅकेटचे जवळून काढलेले फोटो असतील तर फारच उपयोग होईल.