जुन्या पीएचपी अ‍ॅपचा डेटाबेस थर बदलायचाय, सुरुवात कुठून करू?

'खिडकीपाशी' या टोपणनावाचे सदस्य विचारतात:

ग्रंथालयाची देवघेव नोंदवणारं एक जुनं मुक्तस्रोत अ‍ॅप सांभाळायला माझ्याकडे आलंय. मूळ लेखक केव्हाच दुसऱ्या कामाला लागलेत. कोड पीएचपी ५.६ वर अडकलाय, कारण जिथे तिथे जुन्या मायएस्क्यूएल एक्स्टेन्शनची (डेटाबेसशी बोलणाऱ्या पुरवणीची) फंक्शनं आहेत आणि ती ७.० पासून काढूनच टाकलीत. क्वेरी (डेटाबेसला केलेली विचारणा) थेट टेम्प्लेटमध्ये, म्हणजे पानाच्या साच्यात: एचटीएमएलचा तक्ता उघडतो, मध्येच व्हाइल लूप सुरू होतो, त्या लूपच्या पोटात आणखी एक क्वेरी. टेबलं मायआयसॅम या जुन्या साठवण-प्रकारातली, बहुतेकांचा कॅरॅक्टर सेट (अक्षरं साठवण्याची पद्धत) लॅटिन१, ज्यात देवनागरी नाहीच, तरी पानावर देवनागरी अगदी नीट दिसते!

पीडीओ (डेटाबेसशी बोलायची पीएचपीची नवी सोय), इनोडीबी (टेबलांचा नवा साठवण-प्रकार) आणि यूटीएफ८एमबी४ (देवनागरीसह सगळ्या लिप्या मावणारा कॅरॅक्टर सेट) असं सगळं एकाच आवृत्तीत उरकून टाकावं असं वाटतंय. लोक हे आपापल्या सर्व्हरवर बसवतात, प्रत्येकाचं मायएस्क्यूएल वेगळं. करू का?

नवाघाट:

सरळ ओआरएम बसवा, म्हणजे टेबलांना कोडमधल्या ऑब्जेक्टशी जोडणारी लायब्ररी. डॉक्ट्रिन ही तशी लायब्ररी घ्या, एंटिटी (एकेका टेबलाचा क्लास) लिहा, जुन्या क्वेरी फेकून द्या. अर्धवट डागडुजीत वर्षं जातात.

रात्रपाळी:

नवाघाट, एंटिटी लिहायला आधी टेबलांचे संबंध कुठेतरी लिहिलेले हवेत. मायआयसॅममध्ये फॉरेन की (दोन टेबलांतला नोंदवलेला दुवा) नसतातच. ते संबंध त्या व्हाइल लूपमध्ये दडलेत. ते हाती लागेपर्यंत ओआरएमचं नाव नको.

खिडकीपाशी, तिन्ही गोष्टी करा, पण एकत्र मुळीच नको. काही फुटलं तर कोणत्या बदलानं फुटलं हे कळायला हवं.

आधी पीएचपी ५.६ वरच राहा. पीडीओ तिथेही आहे. डीबी_क्वेरी, डीबी_फेच अशी स्वतःच्या नावाची चार-पाच फंक्शनं लिहा, आतून पीडीओ वापरा आणि जुने कॉल त्यांच्याकडे वळवा. जुनीच नावं ठेवायला जाऊ नका, एक्स्टेन्शन चालू असताना पीएचपी ती पुन्हा घोषित करू देत नाही. या टप्प्यात क्वेरीच्या मजकुराला हात लावायचा नाही. अपवाद एकच: रिअल एस्केप स्ट्रिंग, म्हणजे मजकुरातली अवतरणचिन्हं निर्धोक करणारं जुनं फंक्शन. त्याच्या जागी पीडीओचं क्वोट जसंच्या तसं बसत नाही, कारण ते बाजूची अवतरणचिन्हंही स्वतःच घालतं.

त्या फंक्शनांत दोन गोष्टी स्पष्ट लिहून टाका. एक, एरर मोड, म्हणजे चूक झाली की काय करायचं ते. पीएचपी ८.० पासून पीडीओ आपणहून एक्सेप्शन फेकतं, आधी गप्प बसायचं. तुमचा कोड 'फॉल्स आलं तर डाय' या भरवशावर चाललाय. दुसरं, आकडे स्ट्रिंग म्हणूनच परत द्यायला सांगा. ८.१ पासून पूर्णांक खरेच पूर्णांक म्हणून येतात, आणि तीन बरोबर-चिन्हांनी '१' या स्ट्रिंगशी केलेली तुलना चूपचाप खोटी ठरते.

सगळी वाहतूक एका दारातून जायला लागली की मग एकेक फाइल घेऊन प्रिपेअर्ड स्टेटमेंट, म्हणजे क्वेरीचा साचा वेगळा आणि त्यात भरायची मूल्यं वेगळी. 'ऑर्डर बाय'मधलं कॉलमचं नाव असं मूल्य म्हणून भरता (बाइंड करता) येत नाही, तिथे परवानगी असलेल्या नावांची यादीच लागते. जुन्या अ‍ॅपमध्ये सुरक्षेचं भोक हमखास तिथे सापडतं.

आता तो 'अगदी नीट' दिसणारा मजकूर. जुनं कनेक्शन लॅटिन१ आहे, म्हणून पानावरच्या देवनागरीचे यूटीएफ-८ बाइट आत जाताना कोणी पाहत नाही, बाहेर येतानाही नाही. नव्या कनेक्शनला यूटीएफ८एमबी४ सांगितलंत की त्याच क्षणी पानभर कचरा दिसेल. डेटा बिघडलेला नसतो, पण लोक घाबरून तो 'दुरुस्त' करायला जातात आणि तेव्हा खरा बिघडतो. म्हणून सध्या पीडीओलाही लॅटिन१ च सांगा.

तोवर एवढं तपासा: 'अ' असलेल्या एखाद्या ओळीवर हेक्स फंक्शन (साठवलेले बाइट दाखवणारं) चालवा. 'अ'साठी ई०ए४८५ दिसलं तर शुद्ध बाइट आहेत. सी३ए०सी२ए४ई२८०ए६ दिसलं तर दुहेरी एन्कोडिंग, म्हणजे त्या बाइटांनाच अक्षरं समजून पुन्हा यूटीएफ-८ केलंय.

खिडकीपाशी:

तपासलं. जुन्या टेबलांत पहिला प्रकार. नंतर जोडलेलं अभिप्रायांचं टेबल यूटीएफ८ आहे, त्यात दुसरा. आणि काही ओळींत नुसतं ३एफ, ३एफ, ३एफ.

रात्रपाळी:

३एफ म्हणजे प्रश्नचिन्ह. कोणीतरी यूटीएफ-८ कनेक्शनच्या दुसऱ्या साधनातून लॅटिन१ टेबलात देवनागरी भरलीय. त्या ओळी गेल्या, बॅकअपमध्येही तेच असणार. पुन्हा टंकायला लागतील.

जुन्या टेबलांना 'कन्व्हर्ट टू' (कॅरॅक्टर सेट बदलणारी आज्ञा) चालवू नका, त्यानं दुहेरी एन्कोडिंग होतं. व्हारचार (मजकुराचा) कॉलम आधी व्हारबायनरी (नुसत्या बाइटांचा) करा, टेक्स्ट असेल तर ब्लॉब, आणि मग यूटीएफ८एमबी४. अभिप्रायांच्या टेबलाला त्याआधी एक पायरी जास्त: कॉलम लॅटिन१ करून घ्या, पुढे तेच. हे आणि कनेक्शनचा बदल मात्र एकाच आवृत्तीत जायला हवेत.

शेवटच्या पायरीला 'इनकरेक्ट स्ट्रिंग व्हॅल्यू' आलं तर दचकू नका. लॅटिन१ कॉलमच्या २५५ अक्षरांच्या मर्यादेत २५५ बाइटच मावतात, देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइटचं, त्यामुळे लांब शीर्षकं अक्षराच्या मधोमध कापली गेलेली असू शकतात. त्यांचे शेवटचे एक-दोन बाइट छाटायला लागतात.

नवाघाट:

इनोडीबी करताना इंडेक्सही (शोध वेगवान करणारी सूची) बघा. जुन्या रो फॉरमॅटमध्ये (ओळी साठवण्याच्या पद्धतीत) इंडेक्सची की ७६७ बाइटपर्यंतच, म्हणजे यूटीएफ८एमबी४ मध्ये १९१ अक्षरं. लोकांचे सर्व्हर वेगवेगळे आहेत म्हणताय, तर कोणाचं तरी तिथे अडकणारच. (ओआरएमवर मी अजून ठाम आहे.)

रात्रपाळी:

बरोबर, डायनॅमिक या नव्या रो फॉरमॅटला ती मर्यादा ३०७२ आहे. अपग्रेड स्क्रिप्टनं आधी रो फॉरमॅट तपासावा आणि जमत नसेल तर काहीही न बदलता थांबावं. मायएस्क्यूएलमध्ये ऑल्टर टेबल (टेबलाची रचना बदलणारी आज्ञा) रोलबॅक होत नाही, म्हणजे मागे घेता येत नाही.

(ओआरएमचं पुढच्या वर्षी बोलू.)