अभ्यासदौरा: काय मोजलं, कसं मोजलं, कुठे गाडं अडतं

आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट, हा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम) शाळांमध्ये वर्षातून एकदा तरी वर्ग बंद ठेवून मुलांना बाहेर काढतात. या धाग्यावर सहलीचं वर्णन नको. पद्धत, सामान, आकडे आणि हमखास होणारे घोळ लिहा, म्हणजे पुढच्या बॅचला कामी येतील.

भूगोलवाली, पुणे

नदीपासून सुरुवात करते. विसर्ग, म्हणजे दर सेकंदाला पात्रातून किती पाणी जातं ते काढायला पाच जण लागतात: दोघं काठांवर टेप धरून, एक पाण्यात पट्टी घेऊन, एक स्टॉपवॉचवर, एक वहीवर. जागा निवडताना किमान 10 मीटर सरळ पात्र पाहा. पात्र 6 मीटर रुंद असेल तर दर अर्ध्या मीटरला खोली घ्या. पट्टीची पातळ कड प्रवाहाकडे धरा. रुंद बाजू धरली की पाणी पट्टीवर चढतं आणि खोली जास्त दिसते.

वेगासाठी संत्रं उत्तम. ते बरंचसं पाण्यात बुडून तरंगतं, त्यामुळे वारा त्याला ढकलत नाही. थर्माकोलचा तुकडा वाऱ्याचा वेग मोजतो, पाण्याचा नव्हे. संत्रं सुरुवातीच्या खुणेच्या दोनेक मीटर आधी सोडा, खुणेपाशी आलं की घड्याळ सुरू करा. डावा काठ, मध्य, उजवा काठ, प्रत्येकी तीनदा.

आता हिशेब. पात्राच्या छेदाचं क्षेत्रफळ (रुंदी गुणिले सरासरी खोली) 1.8 चौरस मीटर, 10 मीटरला सरासरी 25 सेकंद, म्हणजे पृष्ठभागाचा वेग 0.4 मीटर प्रतिसेकंद. याला 0.85 ने गुणायचं, कारण तळाशी पाणी घासत, हळू जातं. 0.34 गुणिले 1.8, विसर्ग साधारण 0.61 घनमीटर प्रतिसेकंद. ते 0.85 निम्म्या वह्यांत विसरलेलं असतं, मग उत्तर 0.72 येतं.

गुडघ्याच्या वर पाणी असेल तर उतरायचं नाही. धरणाखाली काम असेल तर पाणी कधी सोडणार ते आदल्या दिवशी विचारून घ्या.

माजी विद्यार्थी, मुळशी खोरं

वरच्याला पुस्ती. पुस्तक सांगतं की खाली जावं तसा विसर्ग वाढतो. मुळा नदीवर मुळशी धरणाखाली हे धड जुळत नाही, आणि मग मुलं आकडे ‘दुरुस्त’ करायला बसतात. कृपया करू नका. हे धरण 1920 च्या दशकात टाटांनी वीजनिर्मितीसाठी बांधलं. सेनापती बापटांचा मुळशी सत्याग्रह याच धरणाविरुद्धचा. साठलेलं पाणी बोगद्यातून पश्चिमेला कोकणात भिऱ्याच्या वीजकेंद्रावर उतरवतात. म्हणजे पूर्वेला जाणारं पाणी घाटाखाली जातं. धरणाखालच्या पात्रात किती पाणी दिसेल ते सोडलेल्या पाण्यावर आणि ओढ्यांवर ठरतं. पुस्तकाशी न जुळणारा तो आकडाच अहवालाचा गाभा आहे. गाळलात तर उरतं काय?

समाजशास्त्र घेतलेली, बारावी

गावातल्या मुलाखतींबद्दल. ‘महिन्याचं उत्पन्न किती?’ या प्रश्नाला खरं उत्तर मिळत नाही, मिळण्याचं कारणही नाही. भात किती गुंठ्यांत, किती पोती निघाली, किती घरी ठेवली, किती विकली, असं विचारा. पोतं किती किलोचं हे तिथेच विचारून घ्या. ‘दर पाचवं घर’ ठरवलं असेल आणि दुपारी 12 ला गेलात, तर फक्त म्हातारी माणसं भेटतील. संध्याकाळी पुन्हा जा.

मराठी येणारं एकच पोर दिवसभर दुभाषा होऊन बसतं आणि त्याचं स्वतःचं काम राहतं. पाळ्या लावा. उत्तर आधी मराठीतच लिहा, इंग्रजी रात्री.

ट्रेकवाला मास्तर

इंटरनॅशनल अवॉर्ड फॉर यंग पीपल, म्हणजे तरुणांसाठीचा तीन पातळ्यांचा पुरस्कार, त्यातला साहसी प्रवास: कांस्य 2 दिवस 1 रात्र, रौप्य 3 दिवस 2 रात्री, सुवर्ण 4 दिवस 3 रात्री. गटात 4 ते 7 जण. आधी सराव प्रवास, तोही तशाच भूभागात. लोणावळ्याच्या वाटेवर सराव करून हिमालयात परीक्षा, असं नको. पाठीवरचं ओझं स्वतःच्या वजनाच्या चौथाईपेक्षा जास्त नसावं आणि त्यात पाणीही मोजायचं, 3 लिटर म्हणजे 3 किलो. सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, तंबूच्या खुंट्या शिरत नाहीत. प्रत्येक तंबूला 8-10 मीटर जादा दोरी घ्या आणि दगडांना बांधा.

सीएएस (आयबीतला सर्जनशीलता, शारीरिक उपक्रम आणि सेवा हा भाग) बघणारी

एक गैरसमज: आठवड्याचा दौरा म्हणजे सीएएस प्रोजेक्ट झाला. नाही. प्रोजेक्ट किमान महिनाभर चालावा लागतो. दौऱ्याआधी तयारी आणि नंतर पाठपुरावा जोडलात तर जमतं. आणि चिंतन (आपण काय शिकलो याची नोंद) म्हणून चाळीस फोटो चढवू नका. एक फोटो, त्याखाली ठरवलं काय होतं आणि बदललं काय.

पालक, ठाणे

युरोपचा दौरा असेल तर कागद लवकर काढा. शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा) अर्ज प्रवासाच्या 6 महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा 15 दिवस आधी. विमा किमान 30,000 युरोंचा. 12 वर्षं पूर्ण झालेल्यांचे बोटांचे ठसे घेतात. शिक्षणासाठी जाणारे विद्यार्थी आणि सोबतचे शिक्षक यांना व्हिसा फी माफ असते, पण अर्ज घेणाऱ्या व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क भरावं लागतं. शाळेने दोन्ही एकाच आकड्यात लावले तर तपशील मागा.

आई-वडिलांचं नोटरी केलेलं संमतीपत्र लागतं. इथे मराठी घरांत नेहमीची अडचण: मुलाच्या पासपोर्टवर आईचं सासरचं नाव, आईच्या पासपोर्टवर माहेरचं. विवाह प्रमाणपत्राची प्रत आधीच जोडून टाका.