डोक्यावर गोंदायचं तर अजिंठ्याचं छत बघा

डोक्यावर वाघाचं तोंड गोंदवू की मंडल, म्हणजे गोल नक्षी, असं तुम्ही विचारलंय म्हणून सांगतो. वाघ नको. डोकं घुमटासारखं, समोरच्याला त्याचं निम्मंच तोंड दिसेल. गोल नक्षी मात्र तिथे शोभते. तुम्ही जळगावचेच, मग एकदा अजिंठ्याला जाऊन २ क्रमांकाच्या लेण्याचं छत बघून या. मधे कमळ, त्याभोवती एकात एक वर्तुळं. ते कमळ बरोब्बर भोवऱ्यावर बसवायचं आणि वर्तुळं कानांपर्यंत उतरवायची. शेवटची ओळ आपल्या आज्यांच्या गोंदणातली घ्या, ठिपके नि तुळस. माझ्या आजीच्या कपाळावर, हनुवटीवर ठिपके होते. मेल्यावर तेवढंच सोबत येतं, म्हणायची. मला तरी यापेक्षा भारी काही सुचत नाही.

रेषा जाड आणि मोकळ्या ठेवा, शाई वर्षांनुवर्षं थोडी पसरतेच. तिथे कातडीखाली लगेच हाड, त्यामुळे मशीनची थरथर दातांपर्यंत जाणवते. आणि मे महिन्यात अजिबात बसू नका. आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास जातो, ताज्या गोंदणाला ऊन आणि घाम दोन्ही वाईट. दिवाळीनंतर करा. जखम भरली की उन्हात सुती रुमाल बांधत जा, नाहीतर रंग लवकर फिका पडेल.