आधी नोंदींचा तक्ता, मग गट

मानव्यविद्यांमध्ये समविचारी अभ्यासक एकत्र आले की संशोधनगट आपोआप उभा राहतो, हे मत मला अपुरे वाटते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत १९१९ साली सुरू होऊन १९६६ मध्ये पूर्ण झालेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे, म्हणजे अनेक हस्तलिखिते ताडून मूळ संहिता ठरवणाऱ्या आवृत्तीचे, उदाहरण घ्यावे. तेथे श्लोकाचे एकेक अक्षर स्वतंत्र चौकटीत मांडून त्याखाली प्रत्येक हस्तलिखितातील पाठभेद (मजकुरातील फरक) नोंदवण्याची एकच पद्धत ठरलेली होती, त्यामुळे शांतिनिकेतन आणि तंजावर येथे झालेली पाठतुलनाही त्याच कामात सामावू शकली. मुख्य संपादक विष्णु सीताराम सुखटणकर १९४३ मध्ये निवर्तले, तरी आदिपर्वाच्या प्रस्तावनेत संपादनाची तत्त्वे त्यांनी तपशीलवार लिहून ठेवलेली असल्याने पुढच्या संपादकांना चाचपडावे लागले नाही.

श्रेयाचा प्रश्नही तितकाच नाजूक आहे. पर्वांवर संपादकांची नावे आली, परंतु पोथ्या ताडून पाहणारे शास्त्री आज कितीजणांना ठाऊक आहेत? नव्या गटाने म्हणून पहिल्याच बैठकीत नोंदींचा नमुना आणि श्रेयाची वाटणी लेखी ठरवावी. गटाचे नाव, बोधचिन्ह आणि उद्घाटनाचे पाहुणे यांचा विचार नंतरही करता येईल.