मदत हवी आहे: बाबांच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स, पण टायपिंग रेमिंग्टननेच

नमस्कार मंडळी,

बाबा तहसील कचेरीबाहेर टेबल टाकून अर्ज, प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार टाईप करून देतात. लॅपटॉप तिसऱ्या पिढीचा आय३, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क, विंडोज १०. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याचे नेहमीचे अपडेट बंद झाले आणि विंडोज ११ला इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. सुरू व्हायला तो इतका वेळ घेतो की गिऱ्हाईक शेजारच्या टेबलावर जातं. नवा घेऊ म्हटलं की बाबांचं उत्तर ठरलेलं: "चालतोय ना!"

मी ऑफिसात उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) वापरते, त्यामुळे पेन ड्राइव्ह बनवणं, इन्स्टॉल करणं येतं. घोडं अडलंय ते मराठीपाशी. बाबा टायपिंग शिकले लोखंडी मशीनवर, म्हणजे टाइपरायटरवर; त्यावरच्या कळांच्या मांडणीला रेमिंग्टन म्हणतात. समोरचा बोलत असतो आणि हे की-बोर्डकडे न बघता टाईप करत असतात. त्यांना आता इनस्क्रिप्ट (कळांची दुसरी मांडणी) शिका म्हणणं म्हणजे डाव्या हाताने जेवा म्हणण्यासारखं आहे. इंग्रजी अक्षरं मारून मराठी उमटवण्याची तर त्यांना चीडच आहे. लिनक्सवर मराठी रेमिंग्टन नीट चालतं का?

शिवाय सगळे जुने मसुदे डीव्हीबी-टीटी सुरेख फॉन्टमध्ये आहेत. माझ्याकडे लिबरऑफिसमध्ये (वर्डसारखं फुकट सॉफ्टवेअर) उघडले तर नुसता रोमन अक्षरांचा सडा. प्रिंटर एचपी लेझरजेट १०२०. स्टॅम्प पेपरवर पहिल्या पानाचा वरचा भाग सोडून मजकूर सुरू करावा लागतो, तेही जमायला हवं.

प्रतिसाद: लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती टाका. २२ची मालिका उबुंटू २४.०४वर उभी आहे, २०२९ पर्यंत अपडेट मिळतील. पण त्याआधी एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवा. या वयाच्या लॅपटॉपमध्ये निम्म्याहून जास्त रखडणं डिस्कचंच असतं. २.५ इंची साटा, २५६ जीबीची पुरे. लिनक्स तिच्यावर टाका आणि जुनी डिस्क न पुसता यूएसबी केसिंगमध्ये घालून ठेवा. नाहीच जमलं तर डिस्क परत लावली की बाबांचं दुकान पूर्वीसारखं सुरू. फक्त ती काढण्याआधी विंडोज शिफ्ट दाबून शटडाउन करा. फास्ट स्टार्टअप (विंडोज लवकर सुरू होण्याची सोय) चालू असताना नुसतं बंद केलं, तर लिनक्समध्ये तिच्यावरच्या फाइली वाचता येतात, बदलता येत नाहीत.

प्रतिसाद: सी-डॅकचं बॉस लिनक्स पाहिलंत का? डेबियनवर आधारलेलं आहे, भारतीय भाषांची सोय आधीपासून असते.

धागालेखिका: पाहिलं. पण मी गावात नसताना काही अडलं, तर मिंट-उबुंटूवाला कोणीतरी फोनवर सापडतो. म्हणून मिंटच. एसएसडीचं पटलं, बाबांनाही पटलं. जुनी डिस्क घरातच राहणार हे ऐकल्यावर.

प्रतिसाद: रेमिंग्टनबद्दल. आयबस (वेगवेगळ्या भाषांत टाईप करू देणारी सोय) आणि आयबस-एम१७एन (तिच्यासाठीचे भारतीय भाषांचे लेआउट) ही पॅकेजं टाका, मिंटच्या 'इनपुट मेथड'मध्ये आयबस निवडा. मग मराठीच्या यादीत इनस्क्रिप्ट, फोनेटिक, गमभन यांच्यासोबत रेमिंग्टन दिसेल. इथवर सोपं आहे.

खरी गोम पुढे. मशीन कागदावर ठसे डावीकडून उजवीकडे उमटवतं, म्हणून ह्रस्व वेलांटी अक्षराच्या आधी मारायची आणि रफार नंतर. युनिकोड (संगणकावर अक्षरं साठवायची आजची प्रमाण पद्धत) उच्चाराच्या क्रमाने साठवतं: वेलांटी व्यंजनानंतर, रफाराचा र् आधी. प्रत्येक लेआउट हा पेच आपापल्या परीने सोडवतो आणि बाबांच्या बोटांना तो मानवेल की नाही हे आपण इथे बसून सांगू शकत नाही. तेव्हा इन्स्टॉल करण्याआधीच, पेन ड्राइव्हवरूनच लिनक्स चालवून (लाइव्ह सेशन) त्यात ही पॅकेजं टाका (रीस्टार्टला उडतील, उडू देत) आणि बाबांना बसवा. प्रतिज्ञार्थी, निर्मिती, वार्षिक, खातेदार, श्री हे शब्द मारायला सांगा. 'ख'साठी अर्धा ख आणि काना मारायची सवय असेल, तेही बघा. एखादी कळ चुकीची वाटली तर लेआउटची एमआयएम फाइल साधी मजकुराची असते. होम फोल्डरमधल्या '.एम१७एन.डी'मध्ये तिची प्रत ठेवून हवा तो बदल करता येतो.

जुने मसुदे: त्या फॉन्टमध्ये मराठी आकार रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असतात. विंडोजमधून फॉन्टची टीटीएफ फाइल आणून बसवली (परवाना तेवढा तपासा) की मसुदे दिसतील, छापताही येतील. पण आयबसने त्यात भर घालता येणार नाही, कारण आयबस युनिकोड लिहितं. जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलणारे कन्व्हर्टर मिळतात, पण ते जोडाक्षरांत माती खातात आणि प्रतिज्ञापत्रात एक नाव चुकलं की संपलं. माझं मत विचाराल तर रोजच्या वापरातले मोजके मसुदे बाबांनी युनिकोडमध्ये नव्याने टाईप करावेत. मुद्रितशोधनापेक्षा त्यांचा हात जास्त भरभर चालेल.

प्रतिसाद: १०२० चालतो. एचपीएलआयपी (लिनक्ससाठीचं एचपीचं प्रिंटर सॉफ्टवेअर) लागतं, वर त्याचा प्लगइन. हा प्रिंटर बंद केला की आपलं फर्मवेअर (त्याच्या आतलं सॉफ्टवेअर) विसरतो, दर वेळी संगणकाने ते पाठवावं लागतं. प्लगइन उतरवताना तेवढं इंटरनेट चालू ठेवा. स्टॅम्प पेपरसाठी लिबरऑफिसच्या राइटरमध्ये पहिल्या पानाला 'फर्स्ट पेज' स्टाइल लावा, वरचा समास वाढवा. पुढची पानं आपोआप नेहमीच्या समासावर येतात. टेम्प्लेट करून ठेवा, बाबांना रोज खटाटोप नको.

धागालेखिका: लाइव्ह सेशनमध्ये बाबांना बसवलं. पहिली पाच मिनिटं नुसती कुरकुर, मग गप्प बसून अख्खा भाडेकरार टाईप केला! काही चिन्हांच्या जागा वेगळ्या आहेत, तेवढ्या फाइलमध्ये बदलून घेते. एकच राहिलं: मराठी-इंग्रजी बदलायला सुपर (विंडोजचं चिन्ह असलेली कळ) आणि स्पेस एकत्र दाबावं लागतं, त्यांना एकच बटण हवंय. एफ१२ ठेवू का?

प्रतिसाद: एफ१२ नको, राइटरमध्ये त्याने क्रमांकित यादी सुरू होते. एफ९ ठेवा. ते फील्ड अपडेट करतं, भाडेकरारात त्याचं काम पडत नाही. आयबसच्या सेटिंगमध्ये पहिल्याच टॅबवर बदलता येईल.