टँकरची वही आणि गच्चीचा खर्च

बी-304: सगळ्यांना नमस्कार. काल संध्याकाळी सोसायटीच्या ऑफिसात बसून मे महिन्याची टँकरची फाईल बघितली. खजिनदार अण्णांनी स्वतः कपाट उघडून दिलं, त्याबद्दल आभार. जे दिसलं ते इथेच लिहितो, जिन्यात कुजबुज नको.
बिलं 38 टँकरची आहेत, 1,200 प्रमाणे 45,600 रुपये. वॉचमनमामांच्या वहीत नोंदी 31. ती वही मी पान न् पान बघितली. पाणी पडून पुठ्ठा फुगलाय, पण प्रत्येक ओळीत तारीख, वेळ, गाडीच्या नंबरचे शेवटचे चार आकडे आणि मामांची सही आहे. मधले चार दिवस मात्र पूर्ण कोरे. फरक 7 टँकरचा, म्हणजे 8,400 रुपये. 56 फ्लॅटवर वाटले तर घरटी 150. कुणी पैसे खाल्ले असं मी अजिबात म्हणत नाही. पण ते सात टँकर आले का, हे आज कुणालाच दाखवता येत नाही. माझं दुखणं तेवढंच आहे.

ए-101 (खजिनदार): मामा चार दिवस गावी गेलते. बदलीच्या माणसानं लिहिलं नाही. पाच दिवसांआड नळाला पाणी, टाकीचा तळ दिसतोय, रात्री दोनला मी खाली उतरून टँकर रिकामा करून घेतलाय. त्या वेळी वही कुणाला सुचते?

बी-304: अण्णा, मी गॅलरीतून बघितलंय तुम्हाला, हातात बॅटरी घेऊन उभे होता. तुम्ही पगार घेत नाही, झोप मोडून आमचं पाणी भरता. म्हणूनच उद्या कुणी बोट दाखवलं तर तुमच्या हातात कागद पाहिजे. तो तुमच्याच बाजूनं उभा राहील.

सी-402: मग गच्चीचंही बोलू या. वॉटरप्रूफिंगला 2,10,000 गेले. कोटेशन एकच. मीटिंग झाली नाही. मी विचारलं तर "ताई, आमच्यावर विश्वास नाही का?" असं ऐकावं लागलं. घरी जाऊन रडले मी त्या दिवशी. घरासाठी मीही कर्ज फेडतेय.

ए-203 (सेक्रेटरी): ताई, पावसाळा तोंडावर होता. वरच्या मजल्यावर गळत होतं. आणि ज्यांचं मेंटेनन्स थकलंय त्यांनी आधी ते भरावं, मग हिशेब विचारावा.

सी-402: माझी एक पैशाची बाकी नाही, काका. पावत्या आहेत.

बी-304: काका, थकबाकी वसूल झालीच पाहिजे, मी तुमच्यासोबत आहे. त्यासाठी सहकारी संस्था कायद्यात कलम 154-ब-29 आहे, उपनिबंधकांकडून वसुली दाखला मिळतो. पण हिशेब बघणं ही वेगळी गोष्ट. सभासदाला ऑफिसच्या वेळेत हिशेबाची पुस्तकं, सभांची इतिवृत्तं फुकट बघता येतात, फी भरून नकला मिळतात. हा त्याचा हक्क आहे. त्यात विश्वास-अविश्वास आणायचाच नाही.
गच्चीचं म्हणाल तर ताईंचं बरोबर आहे. आपण 50 च्या वर सभासद, त्यामुळे उपविधीप्रमाणे, म्हणजे सोसायटीच्या नियमांप्रमाणे, दुरुस्तीवर कमिटी स्वतःच्या अधिकारात 1 लाखापर्यंतच खर्च करू शकते. पुढच्या खर्चाला सर्वसाधारण सभा लागते. घाई होती हे मान्य, पण विशेष सभेला पाच पूर्ण दिवसांची नोटीस पुरते. आठवड्यात झाली असती.

बी-101: मी पुण्यात असतो, फ्लॅट भाड्यानं दिलाय. मला नॉन-ऑक्युपन्सी, म्हणजे मालक स्वतः राहत नाही त्याचं शुल्क, म्हणून महिना 600 लावलेत. हे बरोबर आहे का?

बी-304: नाही. सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांवर घेता येत नाही. आपलं सेवा शुल्क 1,100 आहे, म्हणजे 110. लेखी अर्ज द्या, आतापर्यंतची जादा रक्कम वळती करून मागा.

ए-502: होटगी रोडला माझ्या बहिणीकडं मोठ्या फ्लॅटवाल्यांचं मत जास्त मोजतात. आपल्यात तसं हाय का?

बी-304: नाही काकू. त्यांचं अपार्टमेंट असणार, 1970 च्या कायद्याखालचं. तिथं घोषणापत्रात प्रत्येकाचा टक्क्यात हिस्सा ठरलेला असतो, मत आणि खर्च त्याप्रमाणे. आपली सहकारी सोसायटी, 1960 च्या कायद्याखालची. वन बीएचके असो की थ्री, एक सभासद एक मत.

सी-402: मग सभा कधी? गेल्या वर्षी नोटीस आदल्या रात्री ग्रुपवर टाकली होती. आले अकरा जण.

बी-304: वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते. नोटीस 14 पूर्ण दिवस आधी, आणि ती घरोघरी पोचली पाहिजे. कोरम 20 चा, म्हणजे निदान तेवढे जण हजर पाहिजेत. सेक्रेटरीकाका, माझी कळकळीची विनंती आहे, यंदा नोटिशीसोबत ताळेबंद, ऑडिट रिपोर्ट आणि त्यातल्या चुका कशा सुधारल्या त्याचा दोष दुरुस्ती अहवाल सगळ्यांना द्या. सभेत ताळेबंद पाच मिनिटं हातात धरून कुणाला काय कळणार? आणि हे टाळलंच तर एक पंचमांश सभासद सह्या करून विशेष सभा मागू शकतात, म्हणजे आपल्यात 12 जण. तशी वेळ येऊ नये असं मनापासून वाटतं. रोज लिफ्टमध्ये एकमेकांसमोर उभं राहायचं असतं आपल्याला.

ए-101 (खजिनदार): टँकरचं माझ्यापुरतं सांगतो. उद्यापासून प्रत्येक गाडीचा फोटो, नंबरप्लेट दिसेल असा, ग्रुपवर. वहीत मामांच्या सहीखाली ज्या विंगचं पाणी भरतोय तिथल्या एकाची सही. रात्री असली तरी.

सी-303: रात्रीच्या सहीला सी विंगकडून मला उठवा अण्णा. माझी शिफ्ट तशीही उशिरा संपते.

ए-502: आमच्या ए विंगला माझा पोरगा येतो की.

ए-203 (सेक्रेटरी): थकबाकीचं मी रागात लिहिलं. ताई, माफ करा. सभा 21 सप्टेंबरला. ऑडिटरकडून रिपोर्ट आणतो, 5 तारखेच्या आत नोटीस आणि कागद घरपोच, सही घेऊन. गच्चीचा विषय अजेंड्यावर घेतो, ठेकेदाराचं बिल आणि गॅरंटीचा कागद मांडतो. रविवारी 10 ते 12 ऑफिस उघडं राहील, फाईली टेबलावर असतील.

सी-402: येते मी रविवारी. काका, त्या एका कोटेशनची झेरॉक्स काढून ठेवाल का? फी भरते.