मदत हवी आहे: बाबांच्या पायांत ताकद आहे, पण उठताना जोर लागत नाही

बाबांना (वय ६६) आठ महिन्यांपूर्वी पार्किन्सन्सचं निदान झालं. कंप अगदी थोडा, फक्त उजव्या हाताला. खरी काळजी पायांची आहे. खुर्चीतून उठताना दोन्ही हात टेकवतात, पुढे झुकतात, मध्येच थांबतात आणि दुसऱ्या प्रयत्नात उठतात. फिजिओथेरपिस्टनी दाब देऊन तपासलं, तर मांडीची ताकद चांगली निघाली! त्यांनी समजावलं की मेंदूत डोपामिन (हालचालींसाठी लागणारं रसायन) कमी पडल्यामुळे स्नायूला मिळणारा हुकूम अडखळत पोचतो, म्हणून जोर झटकन लागत नाही. उठायला ताकदीबरोबर वेगही लागतोच ना. "म्हणजे मी आळशी झालो नाही," एवढंच बाबा म्हणाले, आणि माझे डोळे भरून आले.

२०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन चाचणीत नव्या रुग्णांना ट्रेडमिलवर कमाल हृदयगतीच्या ८०-८५ टक्क्यांपर्यंत व्यायाम करायला लावला होता आणि तो सुरक्षित ठरला. पण वजनांचं काय? तुमच्या घरी कोणी सुरुवातीच्या टप्प्यात वजनं घेऊन किंवा पटकन उठण्याचा सराव केलाय का? लेव्होडोपाच्या (डोपामिनची कमतरता भरून काढणाऱ्या औषधाच्या) गोळीनंतर किती वेळाने केलेला बरा? किती दिवसांत फरक जाणवला? सुरू डॉक्टरांना विचारूनच करू, पण अनुभव कृपया सविस्तर लिहा.